करीच्या आधीचे पाच आठवडे

पत्र असं आहे (गाव आणि ओळख पटेल असा मजकूर काढला आहे):

"मी दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात राहते. आमच्या ह्यांचं वय ३९. बारा वर्षांपासून पितात. मागच्या वर्षी घरीच सोडून पाहिली, तर तिसऱ्या दिवशी भिंतीवर मुंग्या चालतात म्हणून ओरडायला लागले. मग जानेवारीत यवतमाळला भरती केलं. त्यानंतर पोळ्यापर्यंत सात महिने थेंब घेतला नाही. दारू सोडायची गोळी सुरू होती. पहिले मीच चहासोबत द्यायची. मग म्हणाले, मी काय लहान आहो का, माझ्या हाताने घेईन. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या साजावरून आमचं भांडण झालं. दुसऱ्या दिवशी करीला ते दोस्तांत बसले. आज नऊ दिवस झाले, रोज दोन-तीन पव्वे. आज कपाटात गोळ्यांचं पाकीट सापडलं, ३९ शिल्लक आहेत. डॉक्टरांनी पोळ्याच्या आठ आठवडे आधी ६० दिल्या होत्या. सासूबाई म्हणतात, त्याच गोळ्या कुटून डाळीत टाक. भाऊ म्हणतो, खोलीत कोंडू, चार दिवसांत उतरते. बहीण म्हणते वर्ध्याला पाठव, तिकडे बंदी आहे. माझ्या भांडणामुळेच घेतली का? सगळा खर्च पाण्यात गेला का? पोरगा नऊ वर्षांचा आहे, बापाला ठेल्यावरून आणायला त्यालाच पाठवावं लागते."

ताई, घरच्यांनी सुचवलेल्या तीन बेतांपैकी दोन जिवावर बेतू शकतात. म्हणून भांडणाचं आणि खर्चाचं मागून. आधी डाळीचं आणि खोलीचं.

पाकिटावर डायसल्फिराम असं नाव असेल. दारू यकृतात गेली की तिचं आधी एक विषारी द्रव्य बनतं, त्याला अ‍ॅसिटाल्डिहाइड म्हणतात. मग त्याचं साधं, निरुपद्रवी काहीतरी होऊन ते निघून जातं. ही गोळी मधला तो दुसरा टप्पा अडवते. त्यामुळे गोळी पोटात असताना दारू प्यायली की विष साठत जातं. तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, डोकं फुटल्यासारखं दुखतं, उलट्या होतात, रक्तदाब खाली येतो. ज्याला कळत नाही की आपल्या पोटात गोळी आहे, तो थांबत नाही. उलट 'आज दारू बाधली' म्हणून वरून आणखी घेतो. हृदय किंवा यकृत आधीच कमजोर असेल तर यात माणूस जातो. शेवटच्या दारूनंतर किमान १२ तास उलटल्याशिवाय ही गोळी सुरूच करायची नसते, आणि तुमचे यजमान तर सध्या सकाळपासून पीत असणार. म्हणजे डाळीतली पहिलीच गोळी घात करू शकते. सासूबाईंना एवढंच सांगा, की हे औषध घेणाऱ्याला माहीत असेल तेव्हाच औषध असतं. बाजारात 'पिणाऱ्याला न कळत द्या' म्हणून चूर्णाच्या पुड्या मिळतात. त्यांचंही तेच. त्यात काय कुटलं आहे ते पुडीवर लिहिलेलं नसतं.

आता खोली. भावाचा जीव तुटतो म्हणून तो म्हणतो, हे खरं. पण मागच्या वर्षी तिसऱ्या दिवशी भिंतीवर मुंग्या दिसल्या, हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. त्याला साधं 'उतरणं' म्हणत नाहीत. रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूला धरून स्वतःचं यंत्र लावून घेतो. दारू एकदम तोडली की तो उधळतो. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, मळमळतं, झोप उडते. १२ ते ४८ तासांच्या दरम्यान मिरगीसारखा झटका येऊ शकतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात, ज्याला भ्रम होतो त्याला नसलेल्या वस्तू दिसतात, आवाज ऐकू येतात, ताप चढतो, जागा-वेळ समजत नाही. हा भ्रम उपचाराविना राहिला तर जीव घेऊ शकतो. शिवाय पुन्हा पुन्हा सोडताना हा त्रास पुष्कळदा आधीच्यापेक्षा वाढत जातो. मागच्या वर्षी मुंग्या होत्या, यंदा झटका येऊ शकतो. बंद खोलीत, बाहेरून कडी लावून, माणूस झटक्यात पडला तर कुणाला कळणार नाही.

म्हणून दवाखाना गाठेपर्यंत बाटली हिसकावून ओतू नका. हे वाचायला उलटं वाटेल. पाजा असंही आम्ही म्हणत नाही. फक्त एकदम तोडायचं काम घरात करू नका, ते दवाखान्यात होऊ द्या. तिथे ठरावीक दिवस ठरावीक मात्रेत शांत करणारी गोळी देतात, रोज थोडी कमी करत आणतात, आणि साधारण आठवडाभरात शरीर सुटतं. तीच झोपेची गोळी मेडिकलमधून आणून घरी देऊ नका. दारू आणि ती गोळी एकत्र झाली की श्वास मंदावतो, झोपेतच थांबू शकतो.

गावच्या डॉक्टरकडे नेलं की पहिली गोष्ट होते ती सलाईन. इथे एक वाक्य पाठ करून ठेवा: "पेशंट रोज पिणारा आहे, ग्लुकोजच्या आधी थायमिन द्या." थायमिन म्हणजे बी-१, साधारण १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात ते उरलेलं नसतं. त्याच्याविना ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलंही जळून जातं आणि मेंदूला इजा होते. चाल डगमगते, डोळे नीट फिरत नाहीत, आठवण जाते, आणि ती गेलेली आठवण पुष्कळदा परत येत नाही. रक्तातली साखर खूपच खाली असेल तर डॉक्टर दोन्ही एकदम देतील. ते त्यांना ठरवू द्या, पण पेशंट पिणारा आहे हे तुम्ही सांगा. लाजेपोटी पुष्कळ घरं 'अशक्तपणा आहे' म्हणतात आणि तिथेच चुकतं.

दवाखान्यात नेण्याआधीच झटका आला तर कुशीवर वळवा, डोक्याखाली दुपट्टा घाला, आजूबाजूचं सामान हटवा. तोंडात चमचा नको. कांदा नको, चप्पल हुंगवणं नको, पाणी तर अजिबात नको. हात-पाय दाबून धरू नका. १०८ ला फोन करा. झटका दोन मिनिटांत थांबला तरी न्यायचंच. रक्ताची किंवा चहाच्या चोथ्यासारखी काळी उलटी, पिवळे डोळे, ताप आणि बरळणं, यांपैकी काहीही दिसलं तर ओपीडीची सकाळ होण्याची वाट पाहू नका.

कुठे न्यायचं, तर यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला ओळखीचं असेल. तिथल्या मानसोपचार विभागात जा. जुनी फाईल असेल तर तीच न्या. हात थरथरत असतील तर ओपीडीच्या रांगेत उभं राहू नका, सरळ अपघात विभागात दाखवा आणि मागच्या वर्षीच्या मुंग्यांचं सांगा. घरबसल्या विचारायचं असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक त्रासासाठी टेली मानसचा १४४१६ हे दोन्ही नंबर फुकट आहेत. टेली मानसवर मराठीत बोलतात.

भाऊ खाजगी केंद्राचं बोलत असेल, म्हणजे चार जण गाडी घेऊन येतात आणि उचलून नेतात, तर थांबवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात अशा केंद्राला नोंदणी लागते आणि माणसाला साखळीने बांधायला मनाई आहे. नोंदणीचा कागद दाखवा म्हणा. रात्री डॉक्टर असतो का, आम्हाला भेटू देता का, कोणती गोळी चालू आहे ते लिहून देता का, एवढं विचारा. उत्तरं गुळमुळीत आली तर तिथे नको. आणि वर्धा. तो जिल्हा १९७४ पासून कोरडा आहे, पण कायद्याने कोरडा. हद्दीपलीकडून येणारी दारू तिथे थांबलेली नाही. अशी चोरून येणारी किंवा हातभट्टीची दारू जास्त धोक्याची, कारण तिच्यात मिथेनॉल निघालं तर डोळे जातात आणि जीवही जातो. बहिणीचं घर चांगलं असेल तर पुढे चार दिवसांच्या विसाव्याला पाठवा. सध्या नाही.

आणखी एक, आणि हे आजच करा. घरात, गोठ्यात, वावरातल्या झोपडीत फवारणीच्या औषधाचे जेवढे डबे असतील ते उचलून दुसऱ्याच्या घरी, कुलपात ठेवायला द्या. किल्ली त्यांच्याकडेच राहू द्या. सात महिने सोडून पुन्हा सुरू झालेल्या माणसाला पिताना लाज वाटते आणि उतरल्यावर त्याहून जास्त वाटते. तो काळ सगळ्यात नाजूक. सरळ विचारा, "जीवाचं काही बरंवाईट करावंसं वाटते का?" विचारल्याने मनात नसलेली गोष्ट येत नाही. असलेली बाहेर येते. 'हो' म्हणाले, किंवा गप्प राहून रडले, तर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी न्या. औषध घेतलंच तर मिठाचं पाणी पाजून ओकवायला जाऊ नका. डबा बरोबर घेऊन थेट दवाखान्यात न्या.

आता तुमच्या भांडणाचं. इथे तुम्ही स्वतःच पत्रात उत्तर लिहिलं आहे, फक्त तुम्हाला ते दिसलं नाही. पोळ्याच्या आठ आठवडे आधी, म्हणजे ५६ दिवस आधी ६० गोळ्या दिल्या. रोज एक. ३९ उरल्या. म्हणजे २१ घेतल्या. म्हणजे पोळ्याच्या बरोबर पाच आठवडे आधी गोळी बंद झाली. या गोळीचा अंगातला परिणाम शेवटच्या गोळीनंतर जास्तीत जास्त दोन आठवडे राहतो. करीच्या दिवशी तो कधीच उतरलेला होता. बैलाच्या साजावरून भांडण झालं ते पोळ्याला. गोळी बंद झाली ती श्रावण लागायच्याही आधी.

पहिला पेला हा पुन्हा पिण्याचा शेवटचा टप्पा असतो. त्याच्या आधीचे आठवडे दिसत नाहीत, कारण त्यात दारू नसते. तुमच्या घरी ते आठवडे असे गेले असावेत. एप्रिल-मेमध्ये तब्येत सुधारली, भूक लागली, पैसा उरला. मग गोळी कशाला? ही गोळी काहींना सुस्ती आणते, तोंडाला लोखंडासारखी चव येते, आणि काही पुरुषांना अंथरुणातली कमजोरी जाणवते. ही शेवटची गोष्ट ते बायकोलाही सांगत नाहीत, डॉक्टरला तर नाहीच. गुपचूप गोळी बंद करतात. त्यानंतर श्रावण आला. श्रावणात आपल्या गावातला अर्धा पिणारा पीत नाही. महिनाभर तुमचे यजमान आणि ते सगळे एकाच रांगेत उभे. मनात नकळत हिशेब बसतो, की मीही श्रावण पाळतो आहे. श्रावणाला शेवटची तारीख असते, ती पोळ्याची. दुसऱ्या दिवशी कर. सगळं गाव श्रावण सोडतं. मटण शिजतं, पत्ते बसतात, आणि कुणीतरी म्हणतंच, "घे ना बे, एका पव्व्यानं काय होते!" भांडण झालं नसतं तरी कर येणारच होती. भांडणाने फार तर त्यांना सांगायला एक कारण दिलं.

हे लक्षात आल्यावर मागच्या पाच आठवड्यांवर बोट ठेवून पाहा. दारू सोडलेल्यांच्या मीटिंगला जात असतील तर ते कधी थांबलं? जुन्या पानठेल्याकडून फिरून घरी येणं कधी सुरू झालं? खर्रा वाढला होता का? झोप? सोयाबीन पिवळं पडत होतं तेव्हा रात्री उठून बसत होते का? चिडचिड दारू असताना होती तशीच, फक्त वास नाही, असं कोणत्या दिवसापासून वाटलं? तुम्हाला तीन-चार तारखा आठवतील. त्या लिहून ठेवा. पुढच्या वेळी यातल्या दोन खुणा एका आठवड्यात दिसल्या, की त्याच आठवड्यात डॉक्टरला फोन करायचा. तेव्हा पव्वा यायचा असतो, आलेला नसतो.

करीचा पहिला पव्वा पोटात गेल्यावर काय झालं असेल तेही सांगतो, कारण पुढचे नऊ दिवस त्यातून निघाले. मन म्हणतं, "आता गेलंच त काय राह्यलं." सात महिने एका क्षणात शून्य झाले असं वाटतं. मग एक काय आणि दहा काय. एका दिवसाची चूक आणि पूर्ण घसरण यांच्यात फरक असतो तो एवढाच. पहिल्या रात्रीनंतर सकाळी कुणी म्हणालं असतं, 'काल झालं, चला आज दाखवू,' तर कदाचित एक दिवसाचंच राहिलं असतं. पण सहसा घरातही तेच वाक्य निघतं, 'सगळं पाण्यात गेलं,' आणि दोन्हीकडून एकच ऐकू येतं. म्हणून खर्चाचं उत्तर आम्ही तुम्हाला वेगळं देतो. व्यसनातून उठलेल्यांपैकी साधारण ४० ते ६० टक्के लोक कधी ना कधी पुन्हा घेतात. रक्तदाब किंवा दम्याचा पेशंट गोळी सोडतो आणि पुन्हा भरती होतो, तेव्हा आपण म्हणत नाही की आधीचा उपचार वाया गेला. त्या सात महिन्यांत यकृताला विसावा मिळाला, वावर वेळेवर पेरलं गेलं, पोराने बापाला सात महिने शुद्धीत पाहिलं. ते कुठे जात नाही. मात्र एक गोष्ट खरंच बदलते: एवढे दिवस सोडल्यावर अंगाची सवय मोडलेली असते. आधीचे तीन पव्वे आज झेपत नाहीत. उताणं झोपलेले असताना ओकारी झाली तर श्वासनळीत जाते. रात्री कुशीवर झोपवा, पाठीमागे उशी लावा.

बोलायचं कधी? प्यालेले असताना नाही. सकाळी, पहिला घोट घ्यायच्या आधी, चहाबरोबर, तीन-चार वाक्यांत. "किती आणि कधीपासून हे मले भांडाले नाही पायजे, डॉक्टरले सांगाले पायजे." एवढं. गोळ्यांचं पाकीट दाखवा, पण उलटतपासणी नको. "गोळीनं काही त्रास होत होता का? होत असन त डॉक्टर दुसरी देते." हे खरंच आहे. डायसल्फिराम हा एकच उपाय नाही. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन रोज ५० मिलिग्रॅम, किंवा अकॅम्प्रोसेट ३३३ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा, अशी औषधं आहेत. यकृत आणि किडनीचे रिपोर्ट पाहून डॉक्टर ठरवतात. तुम्ही फक्त एवढं करा की बदल मागता येतो हे त्यांना माहीत असावं.

डायसल्फिरामच पुन्हा सुरू झाली तर सांभाळायची पद्धत आधीच ठरवून घ्या, दवाखान्यातच, डॉक्टरसमोर, त्यांच्या तोंडून 'हो' घेऊन. गोळी अर्ध्या कप पाण्यात विरघळवून सकाळी, घरातल्या एका माणसासमोर. गोळी जिभेखाली लपवता येते, पाणी नाही येत. तो माणूस तुम्हीच असायला पाहिजे असं नाही. तुमच्या हातून घेताना 'मी काय लहान आहो का' येत असेल, तर त्यांची आई चालेल, मोठा भाऊ चालेल. ही पाळत पटवून घेता आली तर टिकते, लादली तर महिनाभरात पाकीट पुन्हा कपाटात जातं. खोकल्याच्या काही औषधांत अल्कोहोल असतं, तेव्हा मेडिकलवाल्याला गोळी चालू असल्याचं सांगून मगच घ्या. आणि गोळीचा एक उपयोग डॉक्टर सांगत नाहीत. "डॉक्टरनं गोळी देल्ली आहे, वरून दारू घेतली त मरून जाईन." एवढं म्हटलं की पाजणारा गप्प होतो. 'मी सोडली' म्हटलं की दोस्त हसतात. 'मरून जाईन' म्हटलं की पाजत नाहीत. फक्त गोळी खरी चालू असावी.

पुढे काय येणार ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाहा, कारण गावाचं कॅलेंडर म्हणजेच धोक्याचं कॅलेंडर. गणपती विसर्जन. दसरा. सोयाबीनचा चुकारा. दिवाळी. कापसाची पहिली वेचणी विकून आलेला पैसा. मग लग्नसराई, तेरव्या, शिमगा. या प्रत्येकावर तीन गोष्टी लिहा: त्या दिवशी ते कुठे असतील, बरोबर कोण असेल, किती वाजता घरी येतील. लग्नाला जेवणाच्या वेळी जायचं, वरातीला नाही. तेरवीत जेवून निघायचं, मागे झाडाखाली बसायला थांबायचं नाही. पुढच्या वर्षीच्या करीला सकाळीच गाव सोडायचं, तुमच्या माहेरी किंवा कुठेही. बैलाचं जे असेल ते पोळ्यालाच उरकतं.

यांत सगळ्यात कठीण चुकारा. हातात रोख पैसा आणि अडत्याच्या दुकानाबाहेर दारूचं दुकान. शुद्धीत असलेल्या एखाद्या सकाळी बोलून घ्या, की माल विकल्याचा पैसा खात्यात जमा करा असं अडत्याला सांगायचं. खातं दोघांच्या नावावर असेल आणि काढायला दोघांच्या सह्या लागत असतील तर उत्तम. नसेल तर एवढं तरी ठरवा, की चुकाऱ्याला जाताना एकट्याने जायचं नाही. पैसा तुम्ही हिसकावून घेतला तर ते उसनवारीवर पितात, हे ध्यानात ठेवा. यात त्यांची सही असावी.

रोजची वेळही आहे. संध्याकाळी सहा ते आठ. वावरातून उपाशी, थकलेले, कशावर तरी रागावलेले, एकटे येतात. चारही एकत्र जमले की पाय ठेल्याकडे वळतात. यात तुम्ही दोनच गोष्टी करू शकता. खिशात मूठभर फुटाणे-गूळ किंवा शेंगदाणे, पाच वाजताच खायला. आणि जेवण साडेसहाला, भाकर आणि कालवण, रात्री नवाला नाही. भरल्या पोटी ओढ कमी राहते. ओढ आलीच तर ती कायम राहत नाही. वीस-तीस मिनिटं चढते आणि उतरते. तेवढा वेळ कुणाला तरी फोन, विहिरीवर अंघोळ, बंडीचं काम, काहीही. फक्त ती वीस मिनिटं ठेल्यासमोर काढायची नाहीत. झोपेचं मात्र लवकर सुधारत नाही. दारू सोडल्यावर काही महिने झोप तुटक राहते. हे आधीच माहीत असलं की घाबरून गोळी शोधली जात नाही.

पोराला ठेल्यावर आजपासून पाठवू नका. ते आले नाहीत तर नाहीत. नऊ वर्षांच्या पोराला सांगायला एवढं पुरे: "बाबाले पुन्हा आजार उचलला, दवाखान्यात नेतो. तुह्यामुळं नाही झालं, अन् तुले बरं करता येत नाही." शेवटचं वाक्य वगळू नका. या वयाची पोरं बाप सुधारायचं काम स्वतःवर घेतात. आणि ते हात उचलत असतील, तुम्ही लिहिलं नाही म्हणून विचारतो, तर त्या क्षणी समजावणं नको, घराबाहेर पडा. ११२ किंवा महिलांसाठी १८१. एक पिशवी, आधार कार्डं, थोडे पैसे शेजारच्या घरी ठेवून द्या.

ते यायलाच तयार नसतील तर तुम्ही एकट्या जा. मानसोपचार विभागात घरचा माणूस एकटा आला तरी बोलतात. मुंग्या, झटका, विष, मारहाण यांपैकी काही असेल तर त्यांच्या मर्जीविना भरती करायचीही कायद्यात सोय आहे, ते डॉक्टर सांगतील. एरवी पहिला नकार धरून बसू नका. पुष्कळदा चौथ्या-पाचव्या सकाळी, अंग मोडून येतं तेव्हा, ते स्वतः म्हणतात. त्या सकाळसाठी बसचं तिकीट, फाईल आणि बरोबर येणारा माणूस तयार असावा. 'उद्या जाऊ' झालं तर उद्या ते पुन्हा सावरलेले असतात.

जाण्याआधी एका कागदावर लिहा: रोज किती पव्वे, आजचा शेवटचा घोट किती वाजता, मागच्या वर्षीच्या मुंग्या कोणत्या दिवशी दिसल्या, आधी कधी झटका आला का, रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी चालू आहे का, डायसल्फिराम कधी बंद झाली. डॉक्टरला सात महिन्यांची कहाणी ऐकायला वेळ नसतो, या सहा ओळी मात्र ते वाचतात. भरतीनंतर सुट्टी होताना पुढची तारीख विचारून घ्या. पहिले तीन महिने आठवड्याला नाहीतर पंधरा दिवसांनी दाखवलेलं बरं. गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी कॅलेंडरवर खूण करा, म्हणजे पावसाने बस बंद राहिली तरी खंड पडत नाही. ३९ गोळ्यांचं ते पाकीट जसं आहे तसंच बरोबर न्या. त्यातली एकही काढू नका, आणि डाळीतही नाही.